एका पॅकेजामागचं वऱ्हाड

‘फेल्ड डिपेंडन्सीज’. २००० सालाच्या आगेमागे ज्यांनी हौसेनं घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवलं, त्यांच्या कपाळावर हे दोन शब्द वाचले की अजून आठी पडते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा सायबर कॅफेतून गाणी वाजवायचा एक प्रोग्रॅम फ्लॉपीवर घालून आणला होता. घरी येऊन ‘आरपीएम’ची आज्ञा दिली. उत्तर आलं, अमुक लायब्ररी हवी. दुसऱ्या दिवशी ती आणली, तर तिला आणखी दोन हव्या होत्या. त्याही आणल्या. त्यांतली एक म्हणाली, मला घ्यायचं तर आधीची जुनी काढा. आणि जुनी काढायला गेलो तर अख्खा डेस्कटॉप तिच्यावर टेकून उभा. चार दिवस गेले, सहा फ्लॉप्या झाल्या, गाणं काही वाजलं नाही.

लिनक्सवाले याला ‘डिपेंडन्सी हेल’ म्हणायचे. मला मात्र आपल्याकडचं लग्न आठवायचं. एकाला बोलावलं की मागून वऱ्हाड येतं. मामांना आमंत्रण द्यायचं तर मामींच्या माहेरच्यांना वगळता येत नाही, आणि धाकट्या आत्या जिथे उतरल्यात तिथे थोरल्या काकू पाऊल टाकणार नाहीत. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं. चित्रं रंगवायच्या गिंपला खिडक्या काढायला जीटीके लागतं, जीटीकेला जीलिब लागतं. पीएनजी चित्र उघडायचं तर लिबपीएनजी आणि तिला फाइल दाबायला-उलगडायला झेडलिब. प्रत्येक प्रोग्रॅमनं हे सगळं आपापल्या पोटात बाळगलं तर डिस्क भरून जाईल, म्हणून युनिक्सच्या घराण्यात लायब्रऱ्या सामायिक ठेवायची रीत. जागा वाचली, पण मानपान सांभाळणं आलं.

सुरुवातीच्या दिवसांत ते सांभाळायला कोणी नव्हतं. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये दिला तो फक्त कर्नल. त्याच्याभोवती बाकीचा संसार जमवून देणारे जे संच निघाले त्यांना डिस्ट्रिब्युशन, लाडानं डिस्ट्रो, म्हणू लागले. १९९२ मधलं एसएलएस हे त्यातलं गाजलेलं, आणि चुकांसाठीही तितकंच गाजलेलं. त्याच्या डागडुजीतून पॅट्रिक व्होल्करडिंग या अमेरिकन विद्यार्थ्यानं जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढलं. ते २४ फ्लॉप्यांत मावत होतं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या २.१ आवृत्तीला ७३ फ्लॉप्या लागल्या. ड्राइव्हची करकर ऐकत एकेक आत सरकवत जायचं, आणि साठाव्या-एकसष्टाव्या फ्लॉपीवर रीड एरर आला की पोटात गोळा यायचा. स्लॅकवेअरचं पॅकेज म्हणजे निव्वळ गाठोडं: डिस्कच्या मुळाशी ठेवून सोडायचं, आतल्या फाइली जागच्या जागी जातात. कोणाला कोण लागतं हे ते विचारत नसे. आजही स्लॅकवेअरची स्वतःची हत्यारं ते विचारत नाहीत. ते तुमचं तुम्ही पाहून घ्या, ही त्यांची भूमिका आहे आणि तिच्यावर निष्ठा असणारे लोकही आहेत.

ज्याचं गाठोड्यातही नव्हतं, त्याचा मूळ कोड उतरवून ‘कन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ हा त्रिपदी मंत्र म्हणायचा. तो चालला तर चालला. पण प्रोग्रॅम काढून टाकायचा झाला की कुठल्या फाइली कुठे विखुरल्यात याचा कुणालाच पत्ता नसे.

एसएलएसलाच वैतागलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे पर्ड्यू विद्यापीठातला इयन मर्डॉक. त्यानं १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचं इयन अशी दोन नावं जोडून हे नाव झालं. व्होल्करडिंगनं एकहाती नेटका संच बांधला, मर्डॉकनं ते काम अनेकांत वाटून द्यायचं ठरवलं. एक माणूस एक-दोन पॅकेजं घेईल, ती तळहाताच्या फोडासारखी जपेल, आणि सगळे मिळून एक नियमावली पाळतील. हे जमायचं तर पॅकेजालाच बोलतं करायला हवं होतं. त्यासाठी डीपीकेजी आलं: १९९४ च्या सुरुवातीला शेल स्क्रिप्ट, मग पर्लमध्ये, आणि त्याच वर्षी इयन जॅक्सननं त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्यानं लिहिला.

एखादी ‘डेब’ फाइल उकलून पाहाच, तीस वर्षांत तिचा बाज बदललेला नाही. आत तीनच वस्तू. पहिली चिमुकली, तिच्यात फक्त ‘२.०’ असा आकडा. हा फाइलीच्या रचनेचा क्रमांक. तिसरी म्हणजे खरा माल. मधली ‘कंट्रोल’ ही सगळ्यात मौजेची. तिच्यात पॅकेजाचं नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचं नाव, आणि मग नात्यागोत्याची यादी: ‘डिपेंड्स’ म्हणजे यांच्यावाचून येणार नाही, ‘रेकमेंड्स’ म्हणजे आले तर बरं, ‘सजेस्ट्स’ म्हणजे आले तर आनंद, ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे हे असतील तर मी नाही. शिवाय ‘प्रोव्हाइड्स’ आहेच. पत्रं पोचवणारा कुणीही चालेल, एक्झिम असो की पोस्टफिक्स, असं मोघम आमंत्रण त्यामुळे देता येतं. ही यादी ज्यानं पहिल्यांदा आखली त्याच्या घरी मोठी लग्नं झालेली असणार, असं माझं मत आहे.

रेड हॅट कंपनीत मार्क ईविंग आणि एरिक ट्रोन यांनी १९९५ मध्ये आरपीएम बनवलं ते याच विचाराचं. दोन्ही हत्यारं उत्तम होती आणि दोघांची अडचणही एकच. कोण हवं हे त्यांना कळत होतं, पण त्याला आणायला गाडी पाठवता येत नव्हती. आरपीएम नुसतं ‘हे नाही’ म्हणून थांबायचं. पुढची वणवण माणसानं करायची.

आपल्याकडे ही वणवण जरा जास्तच झाली. लिनक्स भारतात घरोघर पोचलं ते मुख्यतः ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतून. १९९६ पासून चाललेल्या त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. सीडी हाती असली तरी इंटरनेट डायल-अपचं आणि फोनच्या बिलाची धास्ती. सीडीवर नसलेलं एखादं पॅकेज हवं झालं की आरपीएमफाइंडच्या साठ्यात हुडकायचं, आणि तिथे एकाच नावाच्या दहा फाइली: ही मॅन्ड्रेकची, ती सुसेची, तिसरी रेड हॅटच्या आधीच्या आवृत्तीची. चुकीची उतरली की अर्ध्या तासाचं कनेक्शन वाया.

डेबियनवाल्यांकडे तेव्हा डीसिलेक्ट होतं. पडद्यावर हजारो पॅकेजांची यादी, चारी बाजूंना गूढ चिन्हं, आणि एंटर कधी दाबायचं हे न कळल्यामुळे घाबरून बाहेर पडायचं. ते काम करायचं, पण नवख्याला पळवून लावण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही नव्हतं. त्याला पर्याय म्हणून १९९७ मध्ये काम सुरू झालं. प्रकल्पाचं नाव होतं ‘डीइटी’, म्हणजे देवता. कुणाच्या धर्मभावनेला धक्का नको म्हणून ते बदललं आणि ‘ॲप्ट’ ठरलं. १९९८ मध्ये त्याच्या चाचणी आवृत्त्या फिरू लागल्या. ९ मार्च १९९९ रोजी आलेल्या डेबियन २.१ मध्ये ते पहिल्यांदा अधिकृतपणे आलं. तेव्हा डेबियनच्या कोठारात सुमारे २,२५० पॅकेजं होती.

ॲप्टनं केलं ते सांगायला दोन वाक्यांचं. ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ या साध्या फाइलीत कोठाराचा, म्हणजे रेपोचा, पत्ता लिहून ठेवायचा. ‘अपडेट’ म्हटलं की ॲप्ट तिथून सगळ्या पॅकेजांची यादी आणतं, आणि ‘इन्स्टॉल’ म्हटलं की त्या यादीवरून अख्ख्या वऱ्हाडाचा हिशेब मांडून, सगळ्यांना एकदम आणून, योग्य क्रमानं पाटावर बसवतं. (‘अपडेट’नं काहीच अपडेट होत नाही, फक्त यादी ताजी होते; पॅकेजं नवी करायला ‘अपग्रेड’ वेगळं. या नावांनी जितक्या लोकांना चकवलंय तितकं दुसऱ्या कशानं क्वचितच.) माझ्या चार दिवसांच्या आणि सहा फ्लॉप्यांच्या कामाला एक ओळ पुरली. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा खरं वाटेना. ‘ॲप्ट-गेट मू’ अशी आज्ञा दिली तर पडद्यावर अक्षरांची एक गाय येते, हे तर त्याहून खरं वाटलं नाही. ती अजून येते.

या सोपेपणाचं श्रेय लोक आज्ञेला देतात. मला ते पटत नाही. ॲप्टचा हिशेब जुळतो, कारण कोठारातली प्रत्येक वस्तू कुणीतरी बाकीच्यांशी जुळवून ठेवलेली असते. नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये जातं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असल्यामुळे या विभागाचं कायमचं नाव सिड आहे, म्हणजे खेळणी मोडणारा पोरगा. तिथे तगलं तर ‘टेस्टिंग’, आणि मग केव्हातरी ‘स्टेबल’. हे राबणारे बहुतेक बिनपगारी. ऑगस्ट २००० मधली डेबियन २.२ ही आवृत्ती जोएल क्लेकर या तरुणाला अर्पण केलेली आहे. तो स्नायू झिजत जाण्याच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला होता, वयाच्या एकविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या अनेकांना तो आजारी आहे हेही ठाऊक नव्हतं. पॅकेजं मात्र वेळेवर येत होती.

आरपीएमच्या घरात हीच सोय दोन वाटांनी आली. ब्राझीलच्या कोनेक्टिवा कंपनीनं ॲप्ट उचललं, ते आरपीएमवर चालेल असं केलं आणि त्याच्यावर खिडक्या-बटणांचं सिनॅप्टिक बांधलं. ते पुढे डेबियन आणि उबुंटूच्या लोकांचं लाडकं झालं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सच्या सुरुवातीच्या धड्यांत सिनॅप्टिक शिकवलेलं आहे, ते उगीच नाही. दुसरी वाट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून गेली. मॅकवर चालणाऱ्या यलो डॉग लिनक्सचं ‘यप’ नावाचं हत्यार होतं. विभागातले ढीगभर कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी ते सुधारून ‘यम’ केलं: यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड. रेड हॅट आणि फेडोराचा सगळा डोलारा पुढे बराच काळ या यमावर चालला. मराठी माणसाला या नावाची आज्ञा द्यायला जरा जड जायचं, पण सवय झाली. विडाल जुलै २०१३ मध्ये डरहॅम शहरात सायकलवरून जात असताना गाडीची धडक बसून गेले. यमची जागा मे २०१५ च्या फेडोरा २२ मध्ये डीएनएफनं घेतली. त्याच्या पोटात ओपनसुसेकडून आलेलं गणित होतं. तिथल्या मंडळींनी २००६ च्या १०.१ आवृत्तीत पॅकेजांचा कारभार एका नव्या यंत्रणेकडे देऊन पुरतं हसं करून घेतलं होतं. ती चूक निस्तरताना त्यांनी तर्कशास्त्रातल्या ‘सॅट’ कोड्यांची रीत मानपानाच्या प्रश्नाला लावली, आणि मिनिटांचं काम सेकंदांवर आलं.

थोडं मागे जाऊ. ॲप्ट आलं तरी सामान्य माणसाला काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची होतीच. मायकेल रॉबर्टसनच्या लिंडोज या डिस्ट्रोनं २००२ मध्ये ‘क्लिक-एन-रन’ काढून ती भीती घालवायचा प्रयत्न केला: दुकानासारखं पान, बटण दाबा, प्रोग्रॅम हजर. ॲपलचं ॲप स्टोअर यायला अजून सहा वर्षं होती. क्लिक-एन-रनचे पैसे पडायचे आणि लिनक्सवाल्यांनी नाकं मुरडली. पण पुढे उबुंटूनं ऑक्टोबर २००९ मध्ये आपलं सॉफ्टवेअर सेंटर आणलं तेव्हा त्यात क्लिक-एन-रनचंच रूप दिसत होतं, कुणी तसं म्हटलं नाही एवढंच.

उबुंटू आलं ऑक्टोबर २००४ मध्ये. मार्क शटलवर्थ हा अंतराळात जाऊन आलेला धनिक मुळात डेबियनचा जुना कार्यकर्ता होता, त्यामुळे पाया डेबियनचा आणि हत्यार ॲप्टचंच. सीडी फुकट, टपालखर्चही त्यांचा. आपल्या पोस्टमननं त्या कितीतरी दारांत टाकल्या. पण सीडी लावून बसलं की पहिल्याच दिवशी अडायचं, कारण एमपीथ्री वाजत नसे. पेटंटच्या भानगडीमुळे ते मूळ संचाबाहेर होतं. मग पाच-सात आज्ञा कुठून तरी उतरवून घ्या, सोर्सेस डॉट लिस्टमध्ये परके पत्ते भरा, त्यांच्या सहीची किल्ली आणा.

या खिंडीत २००५ च्या सुमारास ऑटोमॅटिक्स उभं राहिलं. चौकोनांत खुणा करा, एक बटण दाबा, गाणी-सिनेमे-फॉन्ट सगळं येईल. लोक त्याला दुवा देत होते, मीही दिला. मग नवीन आवृत्तीवर जायची वेळ आली की त्यांतल्या कितीतरी मशीन कोसळायच्या. ऑगस्ट २००७ मध्ये मॅथ्यू गॅरेट या उबुंटूच्या जाणकारानं ऑटोमॅटिक्सचा कोड ओळीओळीनं तपासून ते धोकादायक असल्याचा निर्वाळा दिला. ॲप्टनं जे रखवालदार दारात ठेवले होते, त्यांना बाजूला सारूनच ही सोय झाली होती. २००८ मध्ये ऑटोमॅटिक्स बंद पडलं. लोकांची गरज मात्र खोटी नव्हती, आणि उबुंटूनं ‘रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ नावाचं एकच पॅकेज करून ती रीतसर भागवली. गरज आधी कळली ती घुसखोराला, हे मान्य करायला हवं.

परक्या पत्त्यांचाही असाच बंदोबस्त झाला. २००७ च्या अखेरीस उबुंटूच्या लाँचपॅड या संकेतस्थळावर ‘पीपीए’, म्हणजे कुणालाही स्वतःचं छोटं कोठार, मिळू लागलं. २००९ पासून ‘ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी’ लिहून पुढे पीपीएचं नाव दिलं की पत्ताही जोडला जायचा आणि किल्लीही यायची. पाच पायऱ्यांची एक झाली. मात्र त्या एका ओळीत आपण एका अनोळखी माणसाला घराची चावी देतो आहोत, हे पाच पायऱ्या चढताना जेवढं जाणवायचं तेवढं जाणवेनासं झालं. माझ्या जुन्या मशीनवर एकदा मोजले तर असे चौदा पाहुणे निघाले; त्यांतल्या नवांना मी कशासाठी बोलावलं होतं तेच आठवेना.

एक सुख मात्र या सगळ्यानं दिलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. लिनक्सवर मराठी दिसणं ही एके काळी साधना होती. अक्षरांऐवजी चौकोन, वेलांट्या भलतीकडे. आज ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ एवढं इन्स्टॉल केलं की झालं. तो लोहित फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वाढवलेला. पुण्यात घडलेली अक्षरं डेबियनच्या कोठारातून पुन्हा पुण्यात येतात.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंडला डेबियनवाल्यांच्या संमेलनात खुद्द टोरवाल्ड्सनं गाऱ्हाणं मांडलं. स्कूबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारा त्याचा सबसरफेस हा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकसाठी तयार करून देणं सोपं होतं; लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळं पॅकेज करणं म्हणजे डोकेदुखी. त्याचं म्हणणं खरं होतं. त्यावरचा उपाय म्हणून २०१६ मध्ये अलेक्झांडर लार्सनचं फ्लॅटपॅक आणि उबुंटूमागच्या कॅनॉनिकल कंपनीचं स्नॅप ही दोन नावं पुढे आली. यांत वऱ्हाड बरंचसं डबा बांधूनच आणतं: बहुतेक लायब्रऱ्या बरोबर, प्रत्येकाची वेगळी खोली, भांडण नाही. डिस्क जास्त लागते, ती आता स्वस्त आहे. पण स्नॅपचं कोठार एकच आणि ते कॅनॉनिकलच्या ताब्यात. उबुंटूनं क्रोमियमचं नेहमीचं पॅकेज पोकळ करून मागच्या दारानं स्नॅप घुसवायला सुरुवात केली, तेव्हा उबुंटूवरच बांधलेल्या लिनक्स मिंटनं २०२० मध्ये ॲप्टला तसं करण्याची बंदी घातली. माझं मत मिंटच्या बाजूनं आहे. सोय करून द्या, पण सांगून.

आणि नोव्हेंबर २०२१. लिनस सेबॅस्टियन हा कॅनडातला यूट्यूबवाला (टोरवाल्ड्सशी नावापुरतंच नातं) लिनक्सवर गेम खेळता येतात का हे दाखवायला निघाला. त्यानं पॉप ओएस हे डिस्ट्रो घेतलं आणि गेमांसाठी लागणारं स्टीम हवं म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरच्या दुकानातलं बटण दाबलं. बटणानं नकार दिला. मग त्यानं लोक सांगतात तसं काळ्या पडद्यावर ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल स्टीम’ लिहिलं. कोठारात त्या दिवशी पॅकेजांचा मेळ चुकलेला होता. ॲप्टनं इमानेइतबारे हिशेब केला आणि सांगितलं, स्टीम आणायचं तर डेस्कटॉप काढावा लागेल. लांबलचक यादी, खाली धोक्याची सूचना, आणि तरीही पुढे जायचं असेल तर एक वाक्य जसंच्या तसं टाइप करा: ‘येस, डू ॲज आय से!’ त्यानं ते केलं. डेस्कटॉप गेला, आणि तो प्रसंग लाखो लोकांनी पाहिला.

हसणारे खूप हसले. मला माझी जुनी लायब्ररी आणि तिच्यावर टेकून उभा असलेला डेस्कटॉप आठवला. डेबियनच्या मंडळींनी हसण्यात वेळ घालवला नाही. त्याच महिन्यात आलेल्या ॲप्ट २.३.१२ पासून, काही बसवण्यासाठी सिस्टिमची अत्यावश्यक पॅकेजं काढायचा पर्याय ॲप्टचा हिशेब स्वतःहून पुढे करत नाही. पॉप ओएसनं आपल्या ॲप्टमधून ते वाक्यच काढून टाकलं. तिथे आता अत्यावश्यक पॅकेज काढायचा हट्टच असेल, तर आधी ‘ईटीसी’खालच्या ‘ॲप्ट’ फोल्डरमध्ये जाऊन स्वतःच्या हातानं एक फाइल बनवावी लागते. तिचं नाव ‘ब्रेक-माय-सिस्टिम’ असंच असावं लागतं.